ऊसतोडीच्या फडावर गेलेल्या मुलांसाठी शाळेच्या बातम्या

आमच्या परिपाठात रोज एक मूल वर्तमानपत्रातली बातमी वाचायचं. महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्हा परिषद शाळांत हे असतंच. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, सुविचार, दिनविशेष, बोधकथा आणि मग बातम्या. आमची शाळा बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आहे. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पटावर ३८ मुलं. पेपर येतो दुपारच्या एसटीनं, म्हणजे परिपाठाला हाती असायचा तो कालचा. चौथीतलं चांगलं वाचणारं एखादं मूल ‘केंद्रीय मंत्रिमंडळाच्या उपसमितीने’ असं धाडधाड वाचून दाखवायचं. पहिली-दुसरीची पोरं तोवर मातीत रेघोट्या ओढत बसायची. उपसमिती म्हणजे काय हे वाचणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. बातमी संपली की टाळ्या.

एका जूनमध्ये आम्ही दोघा शिक्षकांनी ठरवलं, की पेपर वाचायचाच, पण त्याआधी गावातली आणि शाळेतली एक बातमी मुलांनी स्वतः सांगायची. सांगितलेली बातमी व्हरांड्यातल्या जुन्या फळ्यावर लिहायची. पहिले काही दिवस हात वर करणाऱ्यांची झुंबड उडाली. शेळीला दोन करडं झाली. रात्री लाईट गेली. बापूंच्या विहिरीत साप निघाला. सोयाबीनची पेरणी झाली. मग हळूहळू उत्साह ओसरला. श्रावण सरता सरता फळ्यावर नुसतं ‘आज पाऊस आला’ एवढंच दिसायला लागलं, तेही आम्ही मागं लागलो म्हणून. कारण विचारलं तर तिसरीतला एक मुलगा सरळ म्हणाला, “मॅडम, हे तर समद्यायला माहितंय. मंग लिहायचं कामून?”

त्याच्या प्रश्नाला माझ्याकडं खरं उत्तर नव्हतं. चाळीस-पन्नास उंबऱ्यांच्या वस्तीत कुणाच्या घरी काय झालं हे सकाळी सातच्या आत सगळ्यांना कळतं. ज्याला आधीच माहीत आहे त्याच्यासाठी कोण कशाला लिहील? मुलं आळशी झाली नव्हती, त्यांना वाचणारा माणूसच नव्हता. हे उत्तर मिळालं दसऱ्यानंतर.

दसरा झाला की आमच्या भागात ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या फेऱ्या वाढतात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, धरतात. कुणी डोकी सेंटरला जातं, म्हणजे मोळ्या डोक्यावर वाहून ट्रकमध्ये भरायच्या. कुणी स्वतःचे बैल घेऊन टायर सेंटरला जातं, म्हणजे ऊस बैलगाडीतून वाहायचा. सांगली, सातारा, कोल्हापूर, पुढं कर्नाटकात बेळगावपर्यंत. दिवाळीच्या आगेमागे ट्रक नाहीतर ट्रॅक्टर येतो. पत्रे, भांडी, सरपण, शेळ्या, पीठ, अंथरूण सगळं त्यात चढतं, आणि वर मुलं. ज्यांच्या घरी आजी-आजोबा धडधाकट आहेत ती मागं राहतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह चालतं. त्या मुलांचं सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेतर्फे होतं आणि झोपायला ती आजीजवळ जातात. पण आजीच जात असेल, किंवा तान्ह्या भावंडाला सांभाळायला कुणी हवं असेल, तर मूलही जातं. त्या वर्षी १४ मुलं गेली. आम्ही प्रत्येकाच्या हातात शिक्षण हमी पत्रक दिलं. ते मूल कितवीत आहे, त्याला काय येतं, हे त्यावर लिहिलेलं असतं. ते दाखवलं की जिथं जाल तिथल्या शाळेत त्याला बसवून घेतात. पत्रकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिली, कारण फडावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, ओल असते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा पहिली बातमी दिली ती खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी. त्या सहज म्हणाल्या, “आज तांदूळ लई कमी घेतला बघा.” पहिली ते पाचवीच्या मुलाला पोषण आहारात दर दिवशी १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य धरलेलं असतं. चौथीच्या मुलांनी बसून हिशेब केला. ३८ मुलांचा तांदूळ ३ किलो ८०० ग्रॅम. २४ मुलांचा २ किलो ४०० ग्रॅम. फरक १ किलो ४०० ग्रॅम. त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘आज आपल्या शाळेत १ किलो ४०० ग्रॅम तांदूळ कमी शिजला.’ खाली, कुणी न सांगता, १४ नावं लिहिली. त्या नावांपुढं कोण कुठं गेलं हेही भरायला सुरुवात झाली, आणि चार नावांपुढं कुणालाच काही माहीत नव्हतं. म्हणजे आता वस्तीत अशी एक गोष्ट होती जी सगळ्यांना ठाऊक नव्हती.

दुसऱ्या दिवशी चौथीतली एक मुलगी माझ्याजवळ आली. तिची बाकावरची मैत्रीण कर्नाटकात गेली होती. आपण नवीन पाठ सुरू केलाय हे तिला कसं कळणार, असं ती विचारत होती. मी म्हटलं, तू लिही, मी तिच्या आईच्या फोनवर फोटो पाठवते. तिनं जे लिहिलं ते त्या वर्षातलं तिचं सगळ्यात मोठं लिखाण होतं. पाठाबद्दल दोनच ओळी होत्या. बाकी सगळं शाळेबद्दल: नवा माठ आणला, सरांचा पाय मुरगळला, तुझी जागा मी पोत्यानं झाकून ठेवली आहे.

तिथून आमच्या बातमीपत्राचं रूप बदललं. आम्ही ते शनिवारच्या सकाळच्या शाळेत करायला लागलो. कागद म्हणजे जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं. गावात ती घराघरांतून मिळतात, मोठी असतात आणि जाड असतात, स्केचपेनची शाई मागं उतरत नाही. आठवडाभर मुलं बातम्या वहीत गोळा करायची. शनिवारी तिसरी-चौथीची चार मुलं संपादक, दर वेळी वेगळी. ती बातम्या ऐकून घ्यायची, निवडायची, पानावर उतरवायची. पहिलीचं मूल चित्र काढायचं आणि काय काढलं ते सांगायचं. ते बोललेलं वाक्य, जसं बोललं तसंच, दुसरीचं मूल चित्राखाली लिहायचं. एका खोलीत दोन इयत्ता सांभाळणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला कळेल की यात केवढी सोय आहे. मोठ्यांना काम मिळतं, लहानांना आपलं बोलणं अक्षरात उतरताना दिसतं, आणि शिक्षकाला दोन्हींकडं फिरायला सवड मिळते.

लाल पेन आम्ही या पानाला लावला नाही. चूक असली तर संपादक मुलगा विचारायचा, “हे तिला वाचता येईल का?” या एका प्रश्नावर मुलं स्वतःहून वाक्य मोडून पुन्हा लिहायची. निबंधाच्या वहीत हे कधी झालं नव्हतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो खरं-खोटं ठरवण्यात, आणि त्यावर मी मनापासून वेळ दिला. डिसेंबरात वस्तीत हवा उठली की खालच्या दरीत बिबट्या आलाय. शनिवारी पाच मुलं तीच बातमी घेऊन हजर, तीही मोठ्या अक्षरात. मी एवढंच विचारलं, कुणी पाहिला? एकाच्या चुलत्यानं पाहिला असं कळलं. मुलं दुपारी चुलत्याकडं गेली. चुलता म्हणाला, मी नाही पाहिला, डेअरीवर दूध घालायला येणाऱ्यानं सांगितलं. सोमवारी सकाळी दोघं डेअरीवर उभे. तो म्हणाला, शेजारच्या गावात बोलत होते, एकाची शेळी गेली म्हणून. शेळी गेली हे खरं निघालं. ती कुणी नेली हे सांगणारा मात्र कुणीच भेटला नाही. पानावर शेवटी जी बातमी गेली ती मी जपून ठेवली आहे: ‘दरीत बिबट्या आला असं गावात म्हणतात. आम्ही तीन जणांना विचारलं. त्यांच्यापैकी कुणी बिबट्या पाहिला नाही. शेजारच्या गावात एक शेळी हरवली आहे. अंधारात एकट्यानं दरीकडं जाऊ नये.’

नऊ वर्षांच्या मुलांनी हे लिहिलं. मोठी माणसं फोनवर आलेला कुठलाही व्हिडिओ पुढं ढकलतात, आणि ही पोरं डेअरीपर्यंत चालत जाऊन विचारून आली. त्यानंतर प्रत्येक बातमीखाली ‘मी पाहिलं’ किंवा ‘आजीनं सांगितलं’ असं लिहायची पद्धत पडली. ती मुलांनीच पाडली.

काय छापायचं नाही, हेही ठरवावं लागलं. एका मुलीनं घरातलं भांडण लिहून आणलं होतं. एकानं कुणाची किती उचल फिरली नाही ते आकड्यासकट आणलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी त्या मुलांना बाजूला बसवून सगळं ऐकून घेतलं, आणि मग वर्गात चर्चा केली. घरातलं भांडण, पैशाचं देणं आणि कुणाचं आजारपण हे त्या माणसाला विचारल्याशिवाय पानावर येणार नाही, असं ठरलं. भांडणाची बातमी आणणाऱ्या मुलीच्या आजीला मी नंतर घरी जाऊन भेटले. पानावर न आलेल्या बातम्याही शिक्षकाला बरंच काही सांगतात.

पानाचा फोटो शनिवारी दुपारी पालकांच्या फोनवर जायचा. फडावर दिवस उजाडायच्या आत सुरू होतो आणि गाडी रात्री भरायला आली तर रात्रीही काम असतं. फोन चार्ज होईल तेव्हा होतो. त्यामुळं उत्तर कधी दोन दिवसांनी यायचं, कधी यायचंच नाही. यायचं ते आवाजात. तिसरीतल्या एका मुलाचा पहिला निरोप असा होता: “मॅडम, आमची कोपी कॅनॉलच्या कडंला हाये. रातच्याला लई थंडी वाजती. माय तीन वाजता उठती. मी बारक्याला सांभाळतो. काल ट्रॅक्टर पालथा झाला पण कुणाला लागलं नाही. आपल्या चिंचेला चिंचा आल्या का?”

तो निरोप मी वर्गात पुन्हा पुन्हा लावला आणि मुलांनी तो ऐकून लिहिला. श्रुतलेखन आम्ही दर आठवड्याला घेतो, पण माना खाली घालून, कान टवकारून इतकी शांत बसलेली मुलं मी त्याआधी पाहिली नव्हती. कॅनॉल कसं लिहायचं यावर वाद झाला. लिहून झाल्यावर सगळी पळत चिंचेखाली. पुढच्या पानावर उत्तर गेलं: ‘चिंचा आल्या आहेत. अजून हिरव्या आहेत. तुझ्या फांदीला कुणी हात लावला नाही.’

दुसरीत एक मुलगा होता. त्याला अक्षरं यायची, पण शब्दाच्या पुढं जायचा नाही. शब्दकार्डं, चित्रं, जोडाक्षरांचे तक्ते, सगळं झालं होतं. फडावरचे निरोप पानावर आले तेव्हा तो व्हरांड्यात त्या पानासमोर उभा राहायला लागला, कारण त्यातला एक निरोप त्याच्या मोठ्या बहिणीचा होता. आधी तो दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा. मग बोट ठेवून स्वतः. संक्रांतीपर्यंत तो ते पान अडखळत का होईना पूर्ण वाचायला लागला. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं लक्ष्य आहे. वेग मोजायला माझी ना नाही, आम्ही मोजतोही. पण त्या मुलाला वाचायला लावलं ते बहिणीच्या निरोपानं, हे मी रोज डोळ्यांनी पाहिलं आहे.

डी.एड.ला असताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या शिक्षणतज्ज्ञांच्या कोसबाडच्या (पालघर जिल्हा) कामाबद्दल शिकवलं होतं. मुलं गुरांमागं जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची. ती कुरणशाळा. परीक्षेपुरती मी ती पाठ केली होती. आमची शाळा उचलून फडावर नेणं दोन शिक्षकांच्या हातात नाही. शनिवारचं एक पान मात्र तिथवर जात होतं, आणि तिथून काहीतरी परत येत होतं.

या निरोपांतून आणखी एक चित्र समोर आलं आणि ते सुखाचं नव्हतं. १४ मुलांपैकी जवळच्या शाळेत नियमित जाणारी मोजकीच होती. कुठं फडापासून शाळा लांब, कुठं टोळीच दर काही दिवसांनी हलायची, आणि बहुतेक ठिकाणी मोठ्या मुलीच्या कडेवर लहान भावंड होतं. ते भावंड कडेवरून उतरल्याशिवाय ती मुलगी कुठल्याच शाळेत बसू शकत नाही. हे मी आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत त्या मुलींच्याच शब्दांत वाचून दाखवलं. आमच्या अहवालात अशा मुलीची नोंद नुसती ‘स्थलांतरित’ एवढीच होते.

गावात काय झालं तेही सांगते. मागं राहिलेल्या आजी-आजोबांना पानाची खबर लागली. शनिवारी दुपारी शाळेच्या ओट्यावर म्हातारी माणसं येऊन बसायची आणि नातवंडं त्यांना वाचून दाखवायची. एक आजोबा वाटेत दिसले की विचारायचे, “मॅडम, फडावरचं काय आलं का?” आपल्या लेकाचं फोनवर बोलणं होतच असतं त्यांचं, पण पोरगं काय खातं, कुठं खेळतं, हे त्यांना पानावरून कळायचं.

शाळेच्या पाण्याच्या टाकीची गळती ही बातमी पानावर सलग येत राहिली. मुलांनी थेंबांखाली बादली ठेवून तासाला किती पाणी जातं ते मोजलं आणि छापलं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ते पानच ठेवलं. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे या समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. आमच्या समितीतल्या बऱ्याच आया ऊसतोडीला जातात, त्यामुळं हंगामात बैठकीला आम्ही मोजकेच जण उरतो. टाकीचा फोटो आणि हिशेब फडावरच्या आयांनाही गेला होता. त्यांनी तिथून आपापल्या घरी फोन केले. गावातल्या एकानं सामान दिलं, एकानं मजुरी घेतली नाही, टाकीची गळती थांबली.

पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, गुढीपाडव्याच्या आसपास, ट्रॅक्टर परत यायला लागले. एरवी परत आलेली मुलं बरेच दिवस मागं गप्प बसून असतात. उन्हानं काळवंडलेली, हाताला पाचटाचे ओरखडे, आणि वर्गात काय चाललंय त्याचा पत्ता नाही. या वेळी ती आली ती थेट व्हरांड्याकडं. सगळी पानं सुतळीला ओवून भिंतीवर टांगलेली होती. ‘ही टाकी व्हय!’ ‘सरांचा पाय बरा झाला का?’ बोलायला त्यांच्याकडं विषय होते, आणि बाकीच्यांना त्यांच्या कॅनॉलची, पालथ्या ट्रॅक्टरची माहिती होती. अभ्यासाचं नुकसान व्हायचं ते झालंच होतं. भागाकार, जोडाक्षरं, कविता, सगळं राहिलं होतं. एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेनंतर थांबून आम्ही जमेल तेवढं भरून काढलं. सगळ्यांचं भरून निघालं नाही. पण त्यांच्यातल्या एकाचंही नाव शाळेतून गळलं नाही.

आता हे दर हंगामात चालतं. जाणाऱ्या मुलाला हमी पत्रकाबरोबर एक वही आणि दोन पेन्सिली देतो, आणि पहिल्या पानावर ‘आमचा फडावरचा बातमीदार’ असं लिहून शाळेचा शिक्का मारतो. केंद्रातल्या आणखी दोन शाळांनी पान सुरू केलं आहे. महिन्याच्या शिक्षण परिषदेत आम्ही पानं बदलून घेतो.

कारखान्यांच्या परिसरातल्या शाळांत शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती आहे. नोव्हेंबर ते मार्च तुमच्याकडं अशी मुलं येतील, कधी चार दिवस, कधी महिनाभर. हमी पत्रक बघून त्यांना वर्गात बसवून घेता, त्याबद्दल आभार. त्याबरोबर त्यांना एकदा परिपाठात उभं करा आणि त्यांच्या गावाची बातमी सांगायला लावा. जमलं तर ती लिहून घ्या आणि पत्रकावर आमच्या शाळेचा जो फोन नंबर असतो, त्यावर फोटो पाठवा. सोबत लहान भावंड असेल, तर त्यालाही वर्गात बसू द्या.